न म्हटलेलं वाक्य

हवानाच्या शाळांनी वर्षातून दीड महिना खेड्यातल्या छावणीत राहून शेतात राबायचं, ही क्रांतीची शिकवण. तंबाखूची पानं सुईनं ओवून ओवून पोरींची बोटं काळी, चिकट व्हायची. तरी त्यांची कुरकुर नसे, कारण रविवारी आया ट्रक भरून यायच्या, तळलेली केळी घेऊन.

मिग्दालियाकडे मात्र कुणी आलं नव्हतं. तिच्या आईनं, एनेइदानं, मायामीला आजारी आजीकडे जायचा अर्ज केला होता. देश सोडेल त्याला सरकारदरबारी 'किडा' म्हणत, मग त्याची आजी आजारी असो की नसो. बाप पक्षाचा माणूस, तो पोरीला सोडत नव्हता. पोरीलाही इथेच डॉक्टर व्हायचं होतं. तरी छावणीनं तिला वाळीत टाकलं. पंधराव्या वर्षी कुणी मीठसुद्धा पुढे सरकवत नाही, हे फार जिव्हारी लागतं.

रिगोबेर्तो मास्तर काही दुष्ट नव्हता. "बाळ, सोमवारच्या सभेत एवढंच म्हण," तो समजावायचा. "'मला आई नाही.' लगेच तुझी डॉक्टरकीची शिफारस करतो. नाहीतर माझे हात बांधलेले आहेत गं."

तिनं पाण्याच्या टाकीमागे एकटीनं म्हणून पाहिलं. 'मला'च्या पुढे गाडी हलेना.

त्या रविवारी एनेइदा आली. ट्रकवर कुणी घेतलं नाही म्हणून बसच्या फाट्यापासून चालत आली होती, घोट्यापर्यंत लाल माती. फाटकापाशीच मास्तरानं तिला गाठलं आणि खालच्या आवाजात बराच वेळ सोमवारच्या सभेचं काही सांगितलं. एनेइदा ऐकत राहिली.

"जा की, मार मिठी किड्याला!" वर्गाची पुढारी सोराइदा मोठ्यानं म्हणाली. "आम्ही पण बघतो!"

मिग्दालियाला राहवलं नाही. शिक्षण गेलं खड्ड्यात, असं मनात म्हणत ती धावली. "आई गं—"

फाडकन मुस्काटात बसली.

"आई म्हणू नकोस मला!" एनेइदा किंचाळली. "तोंडावर थुंकलीस ना माझ्या? 'तू माझी कुणी नाहीस' म्हणालीस ना? मग बस आता तुझ्या क्रांतीला कवटाळून!"

मिग्दालियानं असलं काही कधी म्हटलंच नव्हतं. तसं सांगायला तिनं तोंड उघडलं, पण आईनं मनगट आवळून धरलं होतं. तोंड शिव्या देत होतं आणि अंगठा मनगटावरून हळूहळू फिरत होता, लहानपणी ताप आला की फिरायचा तसा. मग तिनं हात सोडला आणि मागे न बघता निघून गेली.

सभेत काही म्हणावंच लागलं नाही. मास्तरानं शिफारस धाडून दिली. सोराइदानं पाठ थोपटली, "शाब्बास! आम्हाला वाटलं, भित्री आहेस."

पुढे मिग्दालिया डॉक्टर झाली, निम्म्या पिनार देल रिओ प्रांताची बाळंतपणं तिनं केली. आईला तोंडावर झिडकारणारी मुलगी म्हणून शाळाशाळांतून तिचं उदाहरण देत. खोटं आहे म्हणावं, तर आईनं केलेलं सगळं पाण्यात जाणार.

मायामीत एनेइदा वारल्याची बातमी आली, तेव्हा मिग्दालियानं कॉफी करून ठेवली आणि दार उघडं टाकून बसली. समाचाराला कुणीच आलं नाही. तिला कसलं आलंय दुःख, असंच सगळ्यांना वाटलं.