पासवर्डाचा उखाणा

त्या बाईंचं नाव मला माहीत नाही. त्यांच्या मालकांचं मात्र पाठ आहे.

लेकीची नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती आणि मंठ्यात ऐन वेळी मोबाईलची रेंज गेली. मी लॅपटॉप छातीशी धरून लेकीसह झेरॉक्सच्या दुकानात घुसलो. तिथल्या कॉम्प्युटरला वायरचं नेट होतं. दुकानवाल्या बाईंच्या दोन्ही हातांवर ओली मेंदी होती. त्यांनी हनुवटीनंच खुर्ची दाखवली.

"हॉटस्पॉट चालूच आहे. घ्या जोडून."

मी लॅपटॉप नेऊन त्यांच्या कॉम्प्युटरला टेकवला.

"पप्पा, ते हवेतून येतं," लेक म्हणाली.

पासवर्ड विचारताच बाई लाजल्या. "आमच्या मालकांचं नाव आहे. मी कुणाला सांगणार न्हाई म्हणून त्यांनीच ठेवलं."

लेक रडकुंडीला आली. बाईंनी तिच्याकडं पाहिलं, मेंदीचे हात सावरले आणि भर दुकानात उखाणा घेतला:

"एका कॉम्प्युटरचं नेट दुसऱ्याला वाटते,
...रावांचं नाव ह्या पोरीसाठी घेते."

नाव मी गाळलंय. अजून तोच पासवर्ड असेल.

लेकीनं ते टाइप केलं आणि नेट लागलं. सगळ्या गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावरच्या साहेबांनी विचारलं, "तिकडे काही समारंभ आहे का?"

"हो सर," लेक ताठ बसत म्हणाली, "तुमची भेट झाली, त्याचाच."