शेजारणीचं नवं नाक

मुलांनो, नाशिक रोडच्या आमच्या इमारतीत समोरच्या घरात राहणाऱ्या शेजारणीचं नाक लहानपणापासून बंदच होतं. मागच्या हिवाळ्यात ऑपरेशन झालं आणि तिला सगळेच वास येऊ लागले, तेही आपल्याहून दुपटीनं. खालच्या मजल्यावर कुणी हिंगाची फोडणी दिली की ही जिन्यात थबकते. पण कुठला वास चांगला मानायचा, हे तिला कुणी शिकवलेलंच नाही. बुरशी आलेला पाव ती आवडीनं हुंगते आणि अगरबत्तीला नाक मुरडते. मग माझं दार वाजतं. "काकू, हा चांगला का वाईट?"

तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत आणि त्यांचं सगळं तीच करते. आता हिला ते जमेल का, अशी धास्ती तिच्या नवऱ्याला होती. मलाही होती, कारण त्या खोलीत मी पदर नाकाला लावूनच बसते.

परवा तिनं विचारलं, "काकू, आईंच्या खोलीत वास येतो, तो?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "वाईट गं."

"असं होय? मला वाटलं, तो आईंचा आहे," ती म्हणाली, आणि गरम पाण्याची बादली उचलून त्यांच्या खोलीत गेली.