अंगठ्याखालचं नाव

राग अजून गेलेला नाही, म्हणूनच लिहायला बसले आहे. राग ओसरल्यावर लिहिलं तर मी सगळ्यांना समजून घेईन, आणि मला यावेळी कुणालाही समजून घ्यायचं नाही.

मी भंडारा जिल्ह्यातल्या करडी या गावात राहते आणि पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं काम घरून करते. माझ्याकडे रात्रीचा बिल्ड आहे. दिवसभर आमची टीम कोड लिहिते, खोडते, बदलते. रात्री एक मशीन तो सगळा कोड गोळा करतं, जोडतं, चालवून बघतं, आणि सकाळी तपासणाऱ्यांच्या हातात चालतं सॉफ्टवेअर पडतं. माणूस समोर नसताना हे व्हायचं तर मशीनला सगळं आधी सांगून ठेवावं लागतं. आमचा कोड ज्या भाषेत आहे त्या जावाची कोणती आवृत्ती घ्यायची, फायली कुठे आहेत, डेटाबेसचा पत्ता काय, घड्याळ कुठल्या देशाचं. परक्या घरी स्वयंपाकाला उभ्या राहिलेल्या बाईला मिठाचा डबा कुठे ते सांगावं लागतं, तसंच. या सगळ्याला आमच्यात एन्व्हायरन्मेंट म्हणतात आणि ते लावून देणं हे माझं काम. नीट लागलं असेल तर सकाळी हिरवा मेल येतो, कुठे चुकलं असेल तर लाल.

दोन वर्षांपूर्वी मी पुणं सोडून घरी आले, कारण आईच्या किडन्या गेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायलिसिसला भंडाऱ्याला न्यावं लागतं. वडील नाहीत, भाऊ-बहीण नाही. मी नेलं नाही तर कोण नेणार, याला उत्तर नाही. कंपनीला मी फक्त घरगुती कारण सांगितलं आणि त्या दोन दुपारी मोकळ्या मागून घेतल्या. मिळाल्या. अट एवढीच, की रात्रीचा बिल्ड बिघडता कामा नये.

खरं कारण न सांगण्याची ताकीद आईची. गावात ती भंडाऱ्याला गुडघे शेकायला जाते. आमच्याच गल्लीतल्या एकाचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा लोक रोज त्याच्या ओसरीवर जाऊन बसायचे, त्याच्यादेखत सुस्कारे सोडायचे, बायकोचं पुढे कसं होईल ते त्याच्यासमोर बोलायचे. आईने ते पाहिलं होतं. "मी जित्ती आहो, अन् लोकं बसायले येतील," ती म्हणाली. "कोनालेच सांगू नको. तुह्या पुन्यातही नाही."

यंदा धानाच्या रोवणीच्या दिवसांत लाल मेल यायला लागले. कधी बुधवारी सकाळी, कधी शनिवारी सकाळी, बाकीचे दिवस हिरवे. उघडून बघावं तर जावाची आवृत्ती जुनी झालेली असायची. मी नवी लावून द्यायची, तीन-चार दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच.

आमचे टीम लीड आहेत, त्यांना सगळे सर म्हणतात. पहिल्याच लाल मेलनंतर मीटिंगमध्ये ते म्हणाले, "तुमच्याकडे लाईट फार जाते ना हो? त्यामुळे होत असेल."

पडद्यावरच्या चौकोनांमध्ये सगळे हसले. बिल्ड करडीत चालत नाही. तो भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर चालतो, आणि तो सर्व्हर कुठल्या शहरात आहे हे मलाही ठाऊक नाही. करडीची लाईट आठ दिवस गेली तरी त्याला काडीचाही फरक पडत नाही. हे सरांना माहीत होतं, कारण तो सर्व्हर त्यांनीच निवडला होता. पण गावातून काम करणाऱ्या बाईच्या लाईटवर ढकलून दिलं की विषय संपतो. आणि मीही हसले. त्या हसण्याचा राग मला सरांच्या बोलण्याहून जास्त येतो.

हळूहळू मला माझाच संशय यायला लागला. आईच्या धावपळीत मीच काहीतरी उलटसुलट करून ठेवते की काय? मंगळवारी निघण्याआधी मी एकेक ओळ तपासायची, स्क्रीनचा फोटो काढून ठेवायची. बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत असायचा.

"पायतान घालून उभी आहो मी," आई दारातून म्हणायची. "तुह्यं काहून होऊन नाही राहिलं?"

"दोन मिनिटं, आई."

"तुह्यं मशीन थांबते. माह्यं थांबत नाही."

तिचं म्हणणं खरं होतं. उशीर झाला की तिची खाट दुसऱ्या पेशंटला जायची आणि आम्हाला संध्याकाळपर्यंत बाकावर बसावं लागायचं.

मग कंपनीच्या मॅडमचा फोन आला. आवाज अगदी गोड. "हे बघ, तू एकटी पडतेस तिकडे. या महिन्यात नीट झालं नाही तर पुण्याला ये. टीममध्ये बसलीस की आपोआप जमेल." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. पुण्याला जायचं म्हणजे आईच्या मंगळवार-शुक्रवारचं काय, हे मी त्यांना सांगू शकत नव्हते आणि आईला विचारू शकत नव्हते.

त्या मशीनवर कुणी कोणती आज्ञा किती वाजता दिली याची नोंद राहते. आधीच बघायला हवी होती, पण चूक आपलीच असेल असं एकदा डोक्यात बसलं की माणूस दुसऱ्याच्या पावलांचे ठसे शोधत नाही. मी नोंद काढली. मागच्या शुक्रवारी दुपारी तीन वाजून बेचाळीस मिनिटांनी कुणीतरी आत येऊन जावाची आवृत्ती बदलली होती. आत आलेल्याचं नाव माझं.

आता माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी मशीन लावताना घाई होती. प्रत्येकाला आत शिरायचं होतं आणि जो तो मला फोन करायचा. कंटाळून मी माझ्याच नावाचा पासवर्ड टीमच्या ग्रुपवर टाकून दिला. आमच्याकडे घराची किल्ली शेजारणीकडे ठेवून बायका रोवणीला जातात, त्याच सवयीने टाकला असावा. शेजारीण किल्लीचं भान ठेवते. टीमने ठेवलं नाही, मीही तो पासवर्ड पुन्हा कधी बदलला नाही. आत सगळे कंपनीच्याच एका दारातून येतात, म्हणून कोण कुठून आलं तेही कळत नाही. जो कुणी आत जाई, त्याचं करणं माझ्या नावावर पडे.

मी सरांना लिहिलं, हे मी केलेलं नाही. उत्तर आलं, "नोंदीत तर तुमचंच नाव दिसतंय." पुढे हसरा चेहरा. सोमवारी अकराला सगळ्यांसमोर बोलू, असंही होतं.

त्या शुक्रवारी तीन बेचाळीसला मी कुठे होते ते मला शोधावं लागलं नाही. डायलिसिस चालू असताना आईचं बीपी एकदम पडलं होतं. तिचे डोळे वर गेले, सिस्टर धावत आली, सलाईन लावलं, आणि मी आईचे गार पाय चोळत होते. सिस्टरने त्या दिवसाच्या कागदावर लिहिलं: तीन चाळीस, बीपी कमी, नातेवाईक हजर. त्याखाली माझी सही घेतली. तो कागद आईच्या फायलीत होता. लॅपटॉप करडीत होता.

रविवारी आई तांदूळ निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. पुण्याला जावं लागेल हेही. ती बराच वेळ खडे वेचत राहिली.

"मंग दाखव," ती म्हणाली. "पन माह्यं नाव झाकजो."

सोमवारी मी डायलिसिसचा तो कागद कॅमेऱ्यासमोर धरला. आईच्या नावावर अंगठा घट्ट दाबून ठेवला होता. वेळ दाखवली, सही दाखवली. म्हटलं, याच वेळी कुणीतरी माझ्या नावाने मशीनवर होतं.

सर स्क्रीनजवळ सरकले. "सही तुमची आहे, मान्य. पण पेशंट कोण? नाव दिसत नाही. असा कागद कुणाचाही असू शकतो."

मी मॅडमच्या चौकोनाकडे पाहिलं. त्या खाली बघून काहीतरी लिहीत होत्या. मी आणखी दोन वाक्यं बोलले असते तर माझा आवाज फुटला असता, आणि तो मला त्यांना ऐकवायचा नव्हता.

मी अंगठा काढला.

सरांनी नाव वाचलं. मोठ्याने, पूर्ण, आडनावासकट, हजेरी घेतल्यासारखं. मग म्हणाले, "कोण या?"

"माझी आई."

मग सरांनाच आठवलं. "अरे हां, शुक्रवारी तो जुन्या क्लायंटचा पॅच होता. त्याला जुनी जावा लागते. तुम्ही फोन उचलत नाही ना मंगळवार-शुक्रवार, मग मीच आत जाऊन बदलतो. दोन मिनिटांचं काम. परत करायचं राहून जात असेल." इतर दिवशी हेच काम ते मला फोन करून सांगायचे, आणि मी ते करून मशीन पुन्हा होतं तसं ठेवायची. त्या दोन दुपारी ते स्वतः करायचे आणि तसंच टाकून उठायचे. महिनाभर मी ज्यासाठी जीव जाळला, ते त्यांना आठवायला लागलं इतकंच.

"आधी सांगायचं ना, आई आजारी आहे म्हणून," सर म्हणाले. मॅडम म्हणाल्या, मी घरूनच काम करावं, काळजी करू नये. मीटिंगच्या नोंदीत आलं, संवादात त्रुटी. माफी कुणी मागितली नाही. मागायला हवी असं कुणाला वाटलंही नसावं.

मी त्याच दिवशी तो पासवर्ड रद्द केला. आता प्रत्येकाचा वेगळा आहे, प्रत्येकाचं करणं त्याच्या नावावर. रोज बिल्डच्या आधी मशीन एका लिहून ठेवलेल्या फाईलवरून सगळं एन्व्हायरन्मेंट नव्याने लावून घेतं, मग मधे कुणी काहीही बदललेलं असो. बुधवारी हिरवा मेल येतो, शनिवारीही येतो. सरांची जुनी जावा आता अर्ज लिहूनच मिळते, आणि तो अर्ज मी भंडाऱ्याहून परतल्यावरच वाचते.

त्या सोमवारी संध्याकाळी आईने विचारलं, "मंग, रायशील ना तू इथं?"

"राहीन."

"अन् नाव?"

"झाकलं होतं."

"अंगठा हालला तं नाही?"

"नाही."

तिने समाधानाने मान हलवली आणि भात टाकायला उठली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. ऑटो कारध्याच्या पुलावर होता, आई खाली वैनगंगेचं पाणी बघत होती. माझ्या फोनवर टीममधून मेसेज यायला लागले. एकाने जोडलेले हात पाठवले. एकीने विचारलं, किती वर्षं काढतात गं यावर माणसं. एकाने आईचं पूर्ण नाव लिहून पुढे लिहिलं होतं, यांच्यासाठी प्रार्थना करू या, आणि त्याखाली एकेक जण फुलं ठेवत होता.

"कोन होय?" आईने विचारलं.

"कोणी नाही," मी म्हटलं, आणि फोन मांडीवर पालथा घातला. पूल संपेपर्यंत तो वाजत होता.