प्रज्ञाचे स्केट्स परत करायला गोंदियाला

"गोंदियाला कुणी फिरायला जातं का?" नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं, फिरायला नाही, स्केट्स परत करायला चालले आहे. हे अर्धंच खरं होतं. स्केट्स कुरिअरनेही गेले असते. मला ते पुन्हा नागपूरला आणायचे होते, मालकिणीसकट.

मालकीण म्हणजे प्रज्ञा, वय बावीस. मी आर्टिस्टिक स्केटिंग शिकवते. टीव्हीवर बर्फावर जे दिसतं तेच. आपल्याकडे बर्फाऐवजी फरशी आणि पात्याऐवजी चार चाकं. प्रज्ञा शिकायला म्हणून नागपूरच्या वसतिगृहात आली आणि दहाव्या वर्षी कुणाचे तरी दोन नंबर मोठे स्केट्स मोजे कोंबून घालून माझ्या मैदानावर उभी राहिली. तेव्हापासून जिल्हा झाला, विभाग झाला, आणि राज्यात दोनदा चौथी आली. राष्ट्रीय स्पर्धेला पहिल्या तिघीच जातात. गुणपत्रिकेवर शेरा दर वेळी एकच: मोकळा पाय खाली राहतो. एका पायावर सरकताना दुसरा पाय ताणून वर हवा. हिचा कायम जमिनीलगत, केर काढल्यासारखा. "पाय उचल" हे दोन शब्द मी बारा वर्षं इतके ओरडले आहे की झोपेतही ओरडते, असं नवरा सांगतो.

यंदा तिने भर स्पर्धेत पाय उचलला. तोल गेला, आपटली आणि पुन्हा चौथी. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात स्केट्स ठेवून गावी निघून गेली. फोनवर एवढंच म्हणाली, "मॅडम, माझं झालं आता." पुढच्याच आठवड्यात निवडलेल्या तिघींपैकी एकीने नाव मागे घेतलं आणि त्या एका जागेसाठी पुन्हा चाचणी ठरली. पुढच्या वर्षी प्रज्ञा नोकरीला लागणार, मग कुठला सराव? ही संधी शेवटची होती, आणि पोरगी फोन उचलत नव्हती.

तर डिसेंबरातल्या एका सकाळी मी गाडीत बसले. नागपूरहून गोंदिया अडीचेक तास, जनरलचं तिकीट शंभराच्या आत. जायचं असेल तर खिडकी पकडाच. भंडारा मागे पडलं की दोन्ही बाजूंना कापलेली धानाची शेतं आणि मध्ये मध्ये तलाव लागतात. तिरोड्याला डब्यात चणे आले. मी दोन पुड्या खाल्ल्या, काळजीत मला भूक फार लागते.

गोंदियाच्या स्टेशनबाहेर सगळा कारभार हिंदीत. ऑटोवाल्याने मला पाहिलं आणि ठरवूनच टाकलं, "नागरा मंदिर ना, मॅडम? दीडसौ." शंभरावर आला. मंदिर नाही, त्याच रस्त्यावरची राइस मिल, प्रज्ञाची आई तिथे कामाला असते, असं सांगितल्यावर त्याने माझ्या स्केट्सच्या पिशवीकडे बघितलं. "मिल में नौकरी लगी क्या?"

मिलच्या मागे मैदानाएवढा सिमेंटचा ओटा. त्यावर उकडलेलं धान वाळत घातलेलं, वाफेचा आंबूस-गोड वास. सात-आठ बाया एका रांगेत हात पाठीमागे बांधून धानातून चालत होत्या. त्यांचे पाय सरकत जायचे आणि मागे रेघा उमटायच्या. खालचं ओलं धान वर यावं म्हणून ते असं पायाने फिरवतात. ओट्याच्या टोकाला रांग टाचेवर वळली आणि परत निघाली. डावीकडून तिसरी प्रज्ञा होती.

ते वळण मला पाठ होतं. तिच्या कार्यक्रमात अगदी मधोमध येतं ते, आणि त्याचे गुण मी दर वर्षी गेलेले पाहिले होते. मी तिथेच पोत्यावर बसले.

प्रज्ञाची आई शकुनताई रांगेतली पहिली. या ओट्यावर पंचवीस वर्षं झाली त्यांना. सुट्टीत घरी आली की प्रज्ञाही लहानपणापासून त्यांच्या मागे चालायची. "या मॅडम. काऊन आल्या एवढ्या दूर?" त्यांनी विचारलं. प्रज्ञा पिशवीकडे बघत राहिली.

मी चपला काढल्या आणि रांगेत शिरले. चार पावलं गेले असेन.

"मॅडम, पाय उचलू नोका," शकुनताई म्हणाल्या. "उचलून ठेवला का दाना फुटते."

सगळ्यांत आधी हसली ती प्रज्ञाच. मग बाकीच्या. मीही हसले. जेवणाच्या सुट्टीत मी शकुनताईंना सगळं सांगितलं: बारा वर्षं मी काय शिकवलं, त्या दिवशी काय झालं.

त्यांनी सरळ विचारलं, "मंग तुमीच पाडली का तिले?"

"हो, ताई."

"मंग तिले सांगा ना. मले सांगून काय फायदा?"

मी प्रज्ञाला नव्या चाचणीचं सांगितलं आणि हेही सांगितलं. चुकले म्हणाले. एवढ्या वर्षांत मी हा शब्द मैदानावर एकदाही वापरला नव्हता, त्यामुळे तो नीट उच्चारताही आला नाही.

ऊन कलताच धानाचे ढीग करून झाकले. शकुनताईंनी ओटा झाडला, कारण एक दाणा चाकाखाली आला तरी माणूस आडवा. प्रज्ञाने स्केट्स बांधले. खरखरीत सिमेंट, संगीत नाही. मी म्हटलं, "तुझा पाय जिथे राहतो तिथेच राहू दे." ती निघाली आणि तो पाय जमिनीपासून बोटभर अंतरावर एकसारखा तरंगत गेला, वळणावरही हलला नाही. बारा वर्षं मी ज्याला खोड म्हणत होते ते किती देखणं होतं, हे मला त्या संध्याकाळी दिसलं.

"हे तं धान फिरवनंच झालं," शकुनताई म्हणाल्या. त्यांना यात नवल वाटलं नाही.

रात्री लॉजचा विचारही कुणी करू दिला नाही. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पंगत बसली: भात, लाखोरीची डाळ आणि तलावातले झिंगे. मी तीनदा भात घेतला. सकाळी नागऱ्याचं जुनं शिवमंदिर पाहिलं. कोवळ्या उन्हात दगड छान दिसतो, अर्धा तास नक्की काढा. प्रज्ञा स्टेशनवर सोडायला आली, पण गाडीत बसली नाही.

"हा ढीग सुकून राहिला, मॅडम. सोमवारी येते."

आणि सोमवारी आली.

चाचणी होऊन आता आठवडा झाला. कार्यक्रम आम्ही त्या खालच्या पायाभोवती नव्याने बांधला होता. शेरा तोच आला, मोकळा पाय खाली. पण तोल एकदाही गेला नाही, बाकीचे गुण भरभरून मिळाले आणि ती जागा प्रज्ञाला मिळाली. त्या पिशवीच्या तळाशी अजून तूस आहे, आणि मैदानावर माझा आवाज जरा उतरला आहे. मुली म्हणतात, मॅडम आजारी आहेत का?

शकुनताईंना फोन मीच केला. निकाल सांगितला. त्यांनी विचारलं,

"कोनी पाडली तं नाही ना?"

"नाही, ताई."

"मंग बेस झालं. तुमी या पुन्हा धानाच्या दिवसात. तुमचे पाय अजून उचलतेत."