तुझ्यासंगं भाकर-कांदा

आमच्या निरगुडसरचे बोटीवरचे नाना कांदा कधी विळीवर चिरू द्यायचे नाहीत. जमिनीवर ठेवायचा, वरून एकच बुक्की मारायची आणि आतला कोवळा गाभा समोरच्याच्या ताटात टाकायचा. पाहुणा असो की शेतावरचा गडी, गाभा त्याचा आणि बाहेरची तिखट पाकळी नानांची. टाकताना म्हणायचे, "कोंतिगो पान इ सेबोया."

नाना सोळा वर्षं बोटीवर आचारी होते. तिथल्या स्पेनच्या जोडीदाराकडून त्यांनी हे उचललं. तू संगं असशील तर भाकर-कांदाही पुरे, असा त्याचा अर्थ. तिकडं लग्नाळू पोरं-पोरी एकमेकांना म्हणतात, असं ते सांगायचे. त्यावर आतून नानींचा टोला ठरलेला. "भाकर-कांदा मी हितं सोळा वरीस खाल्ला. ते 'तुज्यासंगं' तेवढं कुटं व्हतं?" मग नाना गाभा नानींच्या ताटात ठेवायचे.

आमचं घर त्यांच्या शेजारचं. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि चारचौघांत बोलायची सवय नाही. मला बघायला दोन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले. पोहे दिले, त्यांनी नाव विचारलं, मी खाली बघत बसले. पोरगी मुकी आहे का, असं दुसऱ्यांनी मध्यस्थाला विचारलं. तिसरे लोणीहून येणार होते. त्यांनीही नाही म्हटलं तर लांबच्या नात्यातला एक बिजवर तयारच होता. आई पोहे निवडत बसली होती, तेवढ्यात नाना आले.

"पोहे ऱ्हाऊ दे. हिला बोलाया लावू नका, भाकरी थापाया लावा."

पाहुण्यांपुढं भाकर-कांदा ठेवला तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं आई म्हणत राहिली. नानांनी तोवर पडवीत चूल पेटवलीसुद्धा. पाहुणे आले, मी त्यांच्याकडं पाठ करून भाकरी टाकली. ती टम्म फुगली. मुलाच्या आत्यानं ताट बघून नाक मुरडलं. मुलगा मात्र भुकेला असावा. त्यानं बुक्कीनं कांदा फोडला. नानांनी त्याला स्पेनचं वाक्य अर्थासकट ऐकवलं. त्यानं गाभा वेगळा काढून ताटलीत ठेवला आणि ताटली नानांकडं सरकवली.

"त्यांनीबी अजून खाल्लं नसंल," चुलीकडं बघत म्हणाला.

नानांनी ताटली चुलीपाशी आणून ठेवली. मी मान वर न करता म्हणाले, "बसा, अजून एक टाकते." त्या दिवसातलं माझं ते एकच वाक्य. लग्न ठरायला तेवढं पुरलं.

लग्नात उखाण्याच्या वेळी मी पुन्हा खाली बघत बसले. नानांनी मागून हळूच सांगितलं, तसं मी म्हटलं:

"कोंतिगो पान इ सेबोया, कांद्यासंगं भाकर,
दत्तूरावांच्या घरात मला नको साखर."

पुढच्या लगीनसराईत गावातल्या तीन पोरींनी हाच उखाणा घेतला, फक्त नाव बदलून. मग कोणाच्या तरी लग्नपत्रिकेवर ते स्पेनचं वाक्य छापून आलं. एकदा नारायणगावच्या स्टँडवर जीपच्या पाठीवर 'आईची कृपा'च्या खाली तेच रंगवलेलं दिसलं. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, मंत्र असंल कसला तरी. माझ्या लेकीनं मोबाइलवर शोधलं. स्पेनमध्ये म्हणतात, समुद्रापलीकडच्या देशांतही म्हणतात, त्यावर गाणी आहेत. "पण जीपवर कुठं दिसलं नाही गं आई," ती म्हणाली.

मागच्या वर्षी नाना गेले. तेराव्याला नैवेद्याचं पान वाढून झालं, तेव्हा नानी आतून एक कांदा घेऊन आल्या. जमिनीवर ठेवला आणि बुक्की मारली. एका बुक्कीत फुटला नाही, दुसरी मारली.

भावकीतले एक म्हातारे म्हणाले, "वहिनी, आज कांदा नाय चालत."

नानींनी गाभा पानात ठेवला. "बोटीवर सोळा वरीस एकल्यानं खाल्लाय त्यांनी. आज माज्यासंगं खाऊ द्या."

मग बाहेरची तिखट पाकळी घेऊन त्या पानाशेजारी जेवायला बसल्या.