सेमीफायनलच्या दिवशी बेपत्ता

तो दिवस आठवला की आजही मला एकटीलाच हसू फुटतं, आणि समोर पेपर वाचत बसलेले आमचे हे विचारतात, "आज परत सापडला वाटतं तो?" पोलिसात सगळी उमर गेली. चोऱ्या, मारामाऱ्या, फसवणूक, काय नाही पाहिलं. पण थंडी पडायला लागली आणि इथे जगतपुऱ्यात आमच्या चौकात बास्केटबॉल लीगची पोस्टरं चढली की मला आठवते ती हीच केस. तिच्यात गुन्हा म्हणावा असं काहीच नव्हतं, तरी दुपारपर्यंत अख्खं ठाणं धावत होतं.

आधी माझं सांगते. वडील विम्यात नोकरीला, साताऱ्याहून बदली होऊन जयपूरला आले ते इथलेच झाले. मी राजस्थान पोलिसात फौजदार म्हणून लागले आणि इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झाले. मराठी शिकले ती आईच्या तोंडून, बाकी सगळं हिंदीत. तेव्हा मध्येच 'मतलब' वगैरे आलं तर सांभाळून घ्या. नावं मात्र कुणाची लिहिणार नाही.

माझ्या नोकरीची ती शेवटची थंडी. त्या मोसमात आमच्या शहराचा संघ असा काही खेळत होता की ज्यांना बास्केटबॉलमधलं काही कळत नाही ते माझ्यासारखे लोकही पॉइंट मोजायला लागले. संघ मोसमभर बनी पार्कातल्या एका गेस्ट हाऊसमध्ये उतरलेला, ते माझ्या हद्दीत. खेळाडूंमध्ये सगळ्यांचा लाडका म्हणजे पश्चिम आफ्रिकेतून आलेला सेंटर. सेंटर म्हणजे टोपलीपाशी उभा राहणारा सर्वांत उंच गडी. दारातून येताना वाकायचा, हसला की गल्ली हसायची.

सेमीफायनलच्या दिवशी सकाळी मी हजेरी घेऊन चहाला बसते न बसते तोच संघाचा मॅनेजर घामाघूम होऊन आला. म्हणाला, आमचा सेंटर पळवला. संध्याकाळी मॅच, आणि हा नाश्त्याला आला नाही, खोली रिकामी. फोन लावावा तर मॅचच्या दिवशी सगळ्यांचे फोन मॅनेजरकडेच जमा असतात, म्हणजे त्याचा फोन या मॅनेजरच्याच बॅगेत वाजत होता. त्याच्या मते हे सट्टेवाल्यांचंच काम. आमच्या हेड कॉन्स्टेबलने लगेच मिशीवर हात फिरवला. सट्ट्याचं नाव निघालं की त्याला स्फुरण चढायचं.

बेपत्ता झाल्याची नोंद केली. इकडे ठाण्याच्या डायरीला रोजनामचा म्हणतात, त्यात चढवलं. वरून साहेबांचे फोन सुरू झाले. त्या दिवशी एका बाजूला अख्ख्या शहराची मॅच होती आणि दुसऱ्या बाजूला एका बाईची लाज. मला सकाळी यातली पहिलीच गोष्ट ठाऊक होती, इतकंच.

गेस्ट हाऊसवर गेले. बिछाना नीट आवरलेला, चादरीला सुरकुती नाही. खेळायचे बूट पलंगाखाली एकाशेजारी एक लावून ठेवलेले. पैसे, पासपोर्ट जागेवर. एक वस्तू तेवढी नव्हती. मोसमाच्या उद्घाटनाला संघाला दिलेला तो निळा ब्लेझर. मी मॅनेजरला म्हटलं, साहेब, ज्याला उचलून नेतात तो बिछाना आवरून, ब्लेझर घालून जात नाही. तो म्हणाला, मॅडम, सट्टेवाले मोठे हुशार असतात. बरं, म्हटलं.

तेवढ्यात टिप मिळाली. शहराच्या दक्षिण टोकाला, सांगानेरच्या रस्त्यावर आमचा एक खबऱ्या होता, चहाची टपरी चालवायचा. त्याचा फोन आला. "मॅडमजी, एका ऑटोत विजेचा खांब घडी करून घातल्यासारखा एक माणूस गेला. गुडघे बाहेर, डोकं छताला. मांडीवर लाल कपड्यानं झाकलेलं मोठं थाळ, वर नारळ."

हेड कॉन्स्टेबल म्हणाला, "खंडणीचा माल."

"खंडणीवर नारळ ठेवतात होय रे?" मी विचारलं.

पण माझ्या डोक्यात काहीतरी वळवळायला लागलं. गेस्ट हाऊसच्या चौकीदाराला बोलावलं. फौजेतून निवृत्त झालेला, ताठ माणूस. मागच्या फाटकाची किल्ली याच्याच कमरेला. विचारलं, फाटक कुणी उघडलं? मालूम नहीं. खेळाडू कधी गेला? मालूम नहीं. आता बघा, इतकी वर्षं लोकांना प्रश्न विचारून मी एक शिकले होते. खोटं बोलणारा फार बोलतो, न विचारलेलंही सांगतो. आणि ज्याने कुणाला शब्द दिलेला असतो तो गप्प बसतो आणि स्वतःच्या बुटांकडे बघतो. हा बुटांकडे बघत होता.

मी हेड कॉन्स्टेबलला बाहेर पाठवलं, दोन चहा मागवले. चौकीदाराने कप हातात घेतला, पिईना. मी प्रश्न बदलला. म्हटलं, रोज इथे कोण असतं आणि आज कोण नाही?

म्हणाला, स्वयंपाकवाली बाई नाही. सुट्टीवर आहे, मुलीचं लग्न आहे.

"घर कुठं तिचं?"

"सांगानेर."

निळा ब्लेझर, लाल कपडा, नारळ, सांगानेर आणि घरात लग्न. राजस्थानात ठाणं चालवलेल्या माणसाला याहून जास्त काही लागत नाही. लग्नसराईत माझ्या टेबलावर रजेचे जे अर्ज पडायचे त्यातले निम्मे एकाच कारणाचे असायचे, मायरा. बहिणीच्या मुलाचं नाहीतर मुलीचं लग्न असलं की भावाने माणसं घेऊन, वाजतगाजत, चुनरी-कपडे घेऊन तिच्या दारात यायचं. बहीण पाटावर उभी राहून त्याला टिळा लावते आणि तो तिच्या डोक्यावर चुनरी घालतो. ती चुनरी पडल्याशिवाय कार्य पुढे सरकल्यासारखं वाटत नाही. जिला भाऊ नाही तिच्या दाराकडे बघून बायका काय काय कुजबुजतात ते मी ऐकलेलं होतं. कितीही बंदोबस्त असो, मायऱ्याची रजा मी कधी नाकारली नाही.

मी चौकीदाराला हळूच विचारलं, "तिला भाऊ आहे?"

त्याने पहिल्यांदा मान वर केली. डोळे भरलेले होते. म्हणाला, "नव्हता, मॅडमजी. आता आहे."

मग सगळं बाहेर आलं. मोसम सुरू झाला तो दिवाळीत. भाऊबीजेला या बाईने घरापासून लांब आलेली पोरं म्हणून सगळ्या संघाला ओवाळलं होतं. बाकीच्यांनी टिळा लावून घेतला, फोटो काढला, मिठाई खाल्ली आणि सरावाला गेले. या उंच गड्याने मात्र विचारलं, याचा अर्थ काय? ती म्हणाली, आजपासून तू माझा भाऊ. याने ते मनावर घेतलं. पुढे लग्न ठरलं, आणि ती पोळ्या लाटता लाटता चौकीदाराला म्हणाली, माझ्या दारात मायरा कोण आणणार, पाट नुसताच मांडायचा. ते याने दारातून ऐकलं. त्याच्या देशातही म्हणे मामाला विचारल्याशिवाय मुलीचं लग्न होत नाही. प्रशिक्षकाला विचारलं तर मॅचच्या दिवशी फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा नियम. म्हणून न विचारताच गेला. कपडे धुणारा भैया आणि ऑटोवाला, ही त्याची वरात. चौकीदाराची ड्यूटी होती म्हणून तो मागे राहिला, त्याचंच त्याला वाईट वाटत होतं.

जीप काढली. मॅनेजरही बसला, वाटभर घड्याळ बघत होता. सांगानेरात गल्लीच्या तोंडाशीच ढोल ऐकू आला. अंगणात दोऱ्यांवर छापलेली कापडं वाळत घातलेली, खाली बायका गात होत्या. आणि दारात आमचा बेपत्ता माणूस, ब्लेझर घालून, डोक्यावर कुणीतरी बांधलेला केशरी साफा. त्याने आणि ढोलवाल्याने मिळून काय ताल धरला होता, विचारू नका.

मॅनेजर म्हणाला, मॅडम, ताब्यात घ्या. हेड कॉन्स्टेबलने माझ्याकडे पाहिलं. "उचलू?"

"तू उचलणार त्याला?" मी म्हटलं. "उभा राहा गुपचूप. टिळा होऊ दे."

ती बाई पाटावर चढली. हात वर केला, तो त्याच्या छातीपर्यंतच पोचला. कुणीतरी आणखी एक पाट दिला. तरी हनुवटीच. बायका हसून लोटपोट. एक म्हातारी म्हणाली, "शिडी आणा गं, भाऊ माळ्यावर राहतो." तेव्हा तो गडी अंगणात सरळ गुडघ्यांवर बसला आणि डोळे मिटून कपाळ पुढे केलं. तिने टिळा लावला, वर तांदूळ चिकटवले. त्याने थाळातली चुनरी काढून तिच्या डोक्यावर घातली, थोडी वाकडी. ती सरळ करावी म्हणून तिने हातही लावला नाही, तशीच उभी राहिली. मग दोघंही रडायला लागले, आणि मॅनेजर घड्याळ बघायचं विसरला.

मी पुढे होऊन ओळख दिली. ती बाई घाबरली. "मॅडमजी, याला पकडायला आलात?"

"पकडायला नाही," मी म्हटलं, "मॅचला न्यायला."

मग तिनेच घाई केली. बायका त्याला पानावर बसवत होत्या, तर म्हणाली, आज पोटभर घालू नका, पळायचंय त्याला. डब्यात लाडू दिले. त्याला म्हणाली, "जा भैया. हरलास तरी या दारात जेवायला यायचं, ध्यानात ठेव."

जीपमध्ये तो पुढे मावेना, मागे आडवा बसवला. आमच्या हेड कॉन्स्टेबलच्या मांडीवर त्याचे पाय. सट्टेवाल्यांचा शोध असा संपला.

प्रशिक्षक स्टेडियमच्या दारातच उभा होता, तोंड लाल. मॅनेजरनेच त्याला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. प्रशिक्षकाने लाडूचा डबा उघडून एक तोंडात टाकला. अर्ध्या वेळेपर्यंत पंचांनी दोनदा खेळ थांबवला, कारण मैदानावर कपाळावरचे तांदूळ पडत होते. मॅच आमच्या संघाने जिंकली. पुढे फायनल हरले, तेही सांगते, खोटं कशाला. हरल्यावर तो सांगानेरला जेवायला गेला होता.

नोंद बंद करताना लिहावं लागतं, माणूस कुठे मिळाला, कुणाकडे मिळाला, त्यांचं त्याच्याशी नातं काय. मी लिहिलं, बहीण. साहेबांनी ते वाचलं, त्याचा फोटो पाहिला, परत वाचलं. "सगी?" म्हणाले, म्हणजे सख्खी का. मी म्हटलं, सर, मायरा घेऊन गेला होता. ते राजस्थानचेच. पुढे एक शब्द न विचारता सही केली.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं की माणूस नाहीसा झाला की आधी विचारायचं, त्याचा वैरी कोण. मीही आयुष्यभर तेच विचारत आले. चूक नाही ते, वैरी असतातच. पण त्या दिवशी सगळं ठाणं वैरी शोधत होतं आणि एक बाई दारात पाट मांडून भावाची वाट बघत होती. माझ्या हाताखालून ठाणी चालवायला गेलेली पोरं-पोरी कधी चहाला येतात, तेव्हा त्यांना मी एवढंच सांगते. वैरी शोधा, पण आधी विचारा, आज याची वाट कुणाच्या दारात बघतायत.