लाकडावरच्या सात्या

दसरा होऊन गेला होता आणि आईला गॅसपाशी जाऊ द्यायचं की नाही, हे ठरवायचं काम भावानं माझ्यावर ढकललं होतं. आमचं घर देवळीजवळच्या गावात. तिथे भाऊ, वहिनी आणि आई राहतात; मी वर्ध्याला. मधे एकदोनदा आईनं शेगडीचं बटण फिरवून गॅस सोडला आणि काडीपेटी शोधत घरभर फिरली. वहिनी घाबरली. तिचं काही चुकलं नाही, मीही घाबरले असते. पण आईच्या हातून स्वयंपाक काढून घ्यायचा कुणी? भाऊ म्हणाला, "तूच पाह्य बाई तिले थोडे दिवस राहून. तू म्हणशीन तसं करू." वाईटपणा घ्यायची वेळ आली की आमच्याकडे लेकीची आठवण हमखास होते.

मी राहायला आले, आईवर नजर ठेवायला लागले आणि जितकं पाहिलं तितकं कमी कळायला लागलं. भाजीत मीठ अगदी बेताचं पडायचं. मग शेगडी पुसताना मलाच विचारायची, "मीठ टाकलं का वं?" आता हे तर मीही माझ्या घरी विचारते. याला विसरणं म्हणायचं का वय म्हणायचं?

अशात ती म्हणाली, मले केळझरच्या गणपतीले ने. तिचं माहेर त्याच अंगाला, जंगलाला लागून. दर्शन झालं, नारळ फोडला आणि मी गाडीकडे वळले, तर ही बाई माझ्याकडे न पाहता सरळ रानातल्या पायवाटेला लागलेली. मी चपला सावरत मागे.

पुढे साजाचं एक झाड आडवं पडलं होतं, कधीचंच मेलेलं. त्याची साल सुटली होती आणि एका बाजूनं पांढुरक्या छत्र्या फुटल्या होत्या, फडताळात बशा रचाव्यात तशा एकीवर एक. मी "ते बघ" म्हणून हात केला, तर आईनं माझा हात खाली दाबला.

"बोट नको दाखवू, सडते त्या. वाकव बोट."

मी शहाण्यासारखं बोट वाकवलं. तोवर तिनं पदर पसरून त्या खुडायला सुरुवात केली होती. वारुळावरच्या सात्या, म्हणजे अळंबी, खायच्या आणि लाकडावरच्यांना हातही लावायचा नाही, हे आम्हाला तिनंच शिकवलं होतं.

"आई, लाकडावरच्या आहेत या!"

"मंग? लाकडावरच्याच तं पाह्यजे. दसरा झाला का येते ह्या. माही माय लसण टाकून करे."

"तूच म्हणायचीस ना, आपल्यात खात नाहीत म्हणून?"

"नाईच खात. तुह्या बापाच्या घरी कुत्र्याच्या छत्र्या म्हणे याले." तिनं आणखी एक खुडली. "आपल्यात खाते."

मी तिथंच बुंध्यावर बसले. एका दमात 'नाई खात' आणि 'खाते' दोन्ही! आठवून पाहिलं, तर आई त्यांना कधी विषारी म्हणाल्याचं आठवेना. 'आपल्यात नाई खात' एवढंच म्हणायची, आणि आम्ही पोरं त्याचा अर्थ विष असा घेऊन बसलो. आमच्यासाठी 'आपल्यात' म्हणजे वडिलांचं घर. आज तिच्या तोंडी तो शब्द तिच्या आईच्या घरी जाऊन बसला होता. मग आई आवडीच्या भाजीची इच्छा इतकी वर्षं गिळून राहिली होती, का वारुळावरचं आणि लाकडावरचं तिच्या डोक्यात आता एक झालं होतं? विचारायला तिच्या माहेरी कुणी उरलं नव्हतं. मोबाईलवर फोटो टाकला, तर त्यानं तीन नावं दिली: एक चवीला उत्तम, एक बेचव आणि एक दवाखान्यात नेणारं. म्हणजे तोही माझ्याच जातीचा. मला तिचा राग आला, आणि ती इतकी खुशीत होती की रागाची लाजही वाटली.

घरी आल्यावर ती सूप घेऊन अंगणात बसली. एकेक छत्री फडक्यानं पुसून, देठाचा कडक भाग मोडून बाजूला. लसूणही सोलला. हात कुठे अडत नव्हता. भाऊ मला दारात घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "मंग? काय वाटते तुले?"

"मला वाटतं, तिला बरोबर आठवतं आहे," मी म्हणाले. "जुनं तर अगदी चोख."

वहिनी मागेच उभी होती. टोमणा नव्हता तिच्या आवाजात, खरंच विचारत होती. "ताई, तुम्ही खासान का मंग ह्या?"

मी तोंड उघडलं. 'हो' म्हणायला काय लागतं? पण ते बाहेर येईना. "माझं पोट जरा सकाळपासून..." असलं काहीतरी मी पुटपुटले.

अंगणातला हात थांबला. आईनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी ताप आला की कपाळाला हात लावण्याआधी अशीच पाहायची. मग उठली, सूप उचललं, परसात गेली आणि सगळं उकिरड्यावर ओतून आली.

"पोरगी भेऊन राह्यली," ती वहिनीला म्हणाली. "कायले रांधाचं मंग?"

तिला थांबवायला हवं होतं. मी दारातच उभी राहिले. त्या छत्र्या कसल्या होत्या, मला आजही माहीत नाही, आणि त्या वेळी तिचं डोकं ठिकाणावर होतं का माझं, तेही सांगता येत नाही. तिनं मोरीवर हात धुतले, पदराला पुसले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. ज्या घरात काय रांधायचं हे तिनं कधी कुणाला विचारलं नव्हतं, तिथं ती सुनेला म्हणाली, "आज काय करून राह्यली वं स्वयंपाकाले? सांग मले. कांदे चिरून देतो मी."

वहिनीनं तिला विळी दिली. भावानं मग मला काही विचारलं नाही.